माझ्या पोटातला हिवाळा

मित्रांनो, वैशाखात आमच्या वाशिम जिल्ह्यात डांबराला चप्पल चिकटते, कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत लोळतात आणि माणसं सावली शोधत फिरतात. तेव्हाही माझ्या पोटात मात्र छान हिवाळा असतो. आसेगावच्या एका औषधाच्या दुकानात कोपऱ्यात उभा असलेला काचेच्या दाराचा जुना फ्रीज म्हणजे मी. रंग उडाला आहे, एक पाय आखूड झाला म्हणून त्याखाली लाकडाची चकती घातली आहे, आणि चालताना मी थोडा घुरघुरतो. घुरघुरणं थांबलं की माझा डोळा लागतो. पोट पुरेसं गार झालं की मी निजतो, ते कोमट व्हायला लागलं की उठतो. असं जागं होणं आणि निजणं दिवसभर चाललेलं असतं, त्यामुळे मला स्वप्नं फार पडतात. एखादी गोष्ट खरंच घडली की स्वप्नात, याचा कधी कधी माझाही गोंधळ होतो. पण आज जे सांगणार आहे, ते घडलेलं आहे.

माझं पहिलं आयुष्य जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनाबाहेर गेलं. तिथे पंजाबरावांचं थंड पेयांचं दुकान होतं. लाल, केशरी, काळ्या बाटल्या माझ्या पोटात रांगेनं उभ्या असायच्या. गाडी थांबली की घामाघूम माणसं धावत यायची, माझ्या काचेला तळहात लावायची आणि डोळे मिटायची. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर मी त्या काळात जरा शेफारलोच होतो.

पण पंजाबरावांची खरी ख्याती माझ्यामुळे नव्हती. त्यांच्या हातात एक कला होती. फोडलेल्या बर्फात ते मूठ मूठ खडेमीठ टाकायचे, त्यात बाटल्या पुरायचे आणि वरून ओलं पोतं झाकायचे. मीठ टाकलं की बर्फ नुसत्या बर्फाहून जास्त गार होतो. थोड्या वेळानं काढलेली बाटली उघडली, की आतल्या सरबतात बर्फाच्या बारीक सुया चमकायच्या. "पंजाबरावची सुईवाली बाटली" प्यायला लोक मुद्दाम उतरायचे. मला त्या खाऱ्या बर्फाचा हेवा वाटायचा. माझी थंडी मऊ होती, त्याची थंडी चावरी होती.

पुढे पंजाबरावांच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात वैजयंती आली. ती औषधशास्त्र शिकलेली, नोंदणी झालेली फार्मासिस्ट. तिनं आसेगावात दुकान काढायचं ठरवलं. पंजाबरावांनी थंड पेयांचं दुकान बंद केलं आणि मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवं न करता, उभं धरून, स्वतः कवटाळून आसेगावला आणलं.

वैजयंतीनं मला तीनदा पुसलं. दारावरचं पेयाचं जुनं चित्र खरवडून काढलं. आत एक छोटा तापमापक टांगला आणि मला, हो मलाच, म्हणाली, "आता सुया-बिया काही नाही हं. दोन अंशांच्या खाली जायचं नाही अन् आठाच्या वर चढायचं नाही." मी मनात म्हटलं, एवढंच? पण ते एवढंच नव्हतं. बाटल्या गार करणं म्हणजे कुणाची तरी गंमत होती. इथे लसी होत्या, डोळ्यांत घालायचे थेंब होते, इन्शुलिन होतं. माझ्या पोटात आता लोक येऊन राहिले होते, असं मला झोपेत वाटायचं.

दुकान सुरू होण्याआधी औषध निरीक्षक आले. त्यांनी माझा तापमापक पाहिला, दार उघडून बंद करून पाहिलं, भिंतीवर टांगलेलं वैजयंतीचं नोंदणी प्रमाणपत्र वाचलं. मग गल्ल्यावर बसलेल्या पंजाबरावांकडे वळून म्हणाले, "बाबा, सूनबाई दुकानात नसतील तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध तुम्ही द्यायचं नाही. ओळखीचा असो, पाहुणा असो. कायदा आहे."

निरीक्षक गेल्यावर पंजाबराव चांगलेच फुगले. "घरचं दुकान, अन् माह्याच हाताले बंदी! चाळीस वर्सं गिऱ्हाईक केलं मी. औषध काय, फळीवरून काढाचं अन् द्याचं. त्याले काहून पायजे कायदा?"

"मामाजी, ते बिस्किट नाई न," वैजयंती हसून म्हणाली.

"बरं बाप्पा. तुमचं दुकान, तुमचा कायदा."

त्यांनी ते ऐकलं, पण त्यांना ते पटलं नाही. नियम पाळायचे आणि दिवसभर त्याला टोमणेही मारायचे. माझ्या पोटात ताकाची लोटी ठेवू दिली नाही म्हणून दोन दिवस रुसून बसले. गावाच्या कडेनं भाजीवाल्यांचे मळे आहेत. ते लोकही दुपारी यायचे आणि कोथिंबिरीची जुडी पुढे करायचे, "ताई, बाजाराच्या टायमापर्यंत ठेवता का फ्रीजमंदी? सुकून राह्यली." वैजयंती हात जोडायची. औषधाच्या फ्रीजमध्ये खायची वस्तू नाही म्हणजे नाही. पंजाबराव गल्ल्यावरून म्हणायचे, "कोथिंबिरीलेही लायसन लागते बाप्पा इथं!"

त्या मळेवाल्यांतच चंपत होता. वांगी, मिरची, पालक करायचा आणि कारंजा लाडच्या बाजारात नेऊन विकायचा. त्याची मुलगी रुचिका चौथीत असताना एकाएकी वाळत गेली, सारखं पाणी पाणी करायची. तपासण्या झाल्या आणि कळलं, तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. बाहेरून सुईनं रोज द्यायचं, आयुष्यभर. पहिली कुपी न्यायला चंपतच आला. त्यांच्या घरी फ्रीज नव्हता. वैजयंतीनं त्याला ओल्या वाळूत रोवलेल्या माठात कुपी कशी ठेवायची ते समजावलं आणि शेवटी म्हणाली, "थंड पायजे चंपतभाऊ, पन गोठलेलं नाई पायजे. गोठलं की त्यातली ताकद मरते. मग सुई टोचली काय अन् नाई टोचली काय, सारखंच."

हे मी ऐकलं आणि जपून ठेवलं. तेव्हापासून निजताना मी स्वतःला बजावायचो, फार गार होऊ नकोस. माझ्या पोटात एका पोरीचा जीव आहे.

मागच्या वैशाखातली गोष्ट. वैजयंतीला वाशिमला जायचं होतं. फार्मासिस्ट लोकांना मधून मधून नव्या गोष्टी शिकाव्या लागतात, त्याचं शिबिर होतं. सकाळच्या बसनं निघताना तिनं "फार्मासिस्ट हजर नाहीत, औषध मिळणार नाही" अशी पाटी दारात लावली.

"मामाजी, पाटी काढू नका बरं."

"नाई काढत. पावडर-साबन तरी इकू देशील का?"

दुपारी वावटळ सुटली. कुठेतरी बाभूळ तारांवर पडली आणि लाईट गेली. माझी घुरघुर थांबली. मला वाटलं, नेहमीसारखा डोळा लागतो आहे. पण ही झोप वेगळी होती. काचेतून उष्मा हळूहळू आत झिरपायला लागला. मी जऊळक्याचं स्टेशन पाहिलं. फलाटावर बर्फ पडत होता, कधी पडला नाही तसा. रुळांवर, हमालांच्या फेट्यांवर, पेरूच्या टोपल्यांवर. एक गाडी आवाज न करता आली आणि तिच्या प्रत्येक खिडकीत एक मूल काचेला नाक लावून बसलं होतं. मला त्यांना हात करायचा होता, पण मला हात नाहीत.

कुणीतरी दार उघडलं. पंजाबराव होते. तापमापकाचा काटा चढलेला बघून ते घाबरले. "आरं देवा! सुनेचा माल नासते आता." समोर बाबूसिंगची मटका कुल्फीची गाडी उभी असते. पंजाबरावांनी हाक मारली, "बाबूसिंग! बर्फ दे रे बाल्टीभर. अन् मीठ बी दे."

मित्रांनो, त्या माणसाच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. सून कष्टानं दुकान चालवते, तिचं नुकसान होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि गार ठेवणं तर त्यांच्या हातातलं काम! त्यांनी बर्फ फोडला, मूठ मूठ मीठ टाकलं, इन्शुलिनचे खोके त्यात नीट पुरले आणि वरून ओलं पोतं झाकलं. मी अर्धवट गुंगीत ते पाहत होतो आणि माझ्याच्यानं काही होत नव्हतं. स्वप्नात ओरडावं आणि आवाज फुटू नये, तसं झालं.

बऱ्याच वेळानं लाईट आली. मी दचकून जागा झालो आणि जीव खाऊन घुरघुरायला लागलो. पंजाबरावांनी पोतं बाजूला केलं, एक कुपी काढून उजेडात धरली. आत बर्फाच्या बारीक सुया चमकत होत्या. त्यांचा चेहरा खुलला.

"पाह्य बाबूसिंग! हात नाई इसरला अजून."

"वा, काकाजी," बाबूसिंग म्हणाला.

त्यांनी खोके पुसून पुन्हा माझ्या पोटात ठेवले. ती चावरी थंडी मी लगेच ओळखली. जिचा मी जऊळक्याला हेवा करायचो, तीच होती. हळूहळू सुया विरघळल्या. कुप्या पूर्वीसारख्या स्वच्छ दिसू लागल्या, पाण्यासारख्या. त्यांच्यात काही बदललं आहे, हे कुणाला दिसणार नव्हतं.

ऊन कलताना चंपत धावत आला. धोतराला मळ्यातला चिखल तसाच होता.

"काकाजी, इन्शुलिन द्या एक बाटली. घरची बाटली पोरीच्या मायच्या हातून निसटली, फुटली. जेवनाआधी सुई द्याची हाये रुचिकाले."

"सूनबाई नाई रे. पाटी पाह्यली नाई का?"

"पाटीले काय करू? तुमाले काय ठाऊक नाई का कोनती बाटली? दर महिन्याले तर नेतो मी."

पंजाबराव उठले. माझं दार उघडलं. त्यांनी नेमकी ती कुपी काढली आणि काउंटरवर ठेवली. त्यांना खरंच ठाऊक होती. मी घुरघुरलो, थडथडलो, पायाखालची चकती हलेल इतका थरथरलो. पंजाबरावांनी सवयीनं माझ्या डोक्यावर एक थाप मारली.

चंपतनं हात पुढे केला. पंजाबरावांचा हात मात्र कुपीवरच राहिला. ते पाटीकडे बघत होते, मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी चेहऱ्यावर वाचत होतो. द्यावं तर सुनेला दिलेला शब्द मोडतो, न द्यावं तर समोर ओळखीचा बाप उभा.

"थांब रे चंपत जरा. येतेच ती आता. वाशिमची बस यायची वेळ झाली."

"अन् नाई आली त?" चंपतचा आवाज चढला. "माही पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली अन् तुमी मले कायदा सांगता? तुमचीच नात असती त?"

हे पंजाबरावांना लागलं. त्यांचे डोळे भरून आले. पण कुपीवरचा हात त्यांनी काढला नाही. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं. नियम पाळताना माणसाला इतकं वाईट दिसावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बस आली. वैजयंती उतरली आणि गर्दीतून सरळ दुकानात आली. चंपतनं एका श्वासात सगळं सांगितलं. तिनं मान हलवली, कुपीचा खोका उचलला आणि तिची बोटं थांबली. खोक्याचा पुठ्ठा भिजून मऊ पडला होता. त्याच्या घडीत पांढरा खडा अडकला होता. तिनं तो नखानं काढला.

"मामाजी, हे मीठ कुठून आलं?"

पंजाबरावांनी अभिमानानंच सांगायला सुरुवात केली. लाईट गेली, काटा चढला, बाबूसिंगकडून बर्फ घेतला. सांगता सांगता सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"सुया झाल्या होत्या आत?" तिनं हळूच विचारलं.

"झाल्या होत्या. मस्त झाल्या होत्या."

वैजयंती खाली स्टुलावर बसली. मग उठून तिनं माझ्या पोटातलं सगळं, इन्शुलिनचे खोके, लसी, थेंब, बाहेर काढलं आणि "विक्रीसाठी नाही" लिहिलेल्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं.

"अवं, साफ तर दिसते सारं!" पंजाबराव म्हणाले.

"दिसते मामाजी. तेच त खराब हाये. हे टोचलं असतं, तर घरच्याइले वाटलं असतं, पोरीले औषध देल्लं. साखर मात्र वाढतच गेली असती. सकाळपर्यंत पोरगी बेशुद्ध."

चंपतनं त्या पेटीकडे पाहिलं. मग पुटपुटला, "थंडीत पाला पडून गोठलेल्या वांग्यासारखं. सकाळी झाडावर कसं तुकतुकीत दिसते, अन् ऊन लागलं की आतून पानी." त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "आता कसं करू वं ताई?"

वैजयंतीनं फोन लावला. मंगरूळपीरच्या एका मेडिकलात कुपी होती. ती थंडपेटी शोधायला लागली, तोवर पंजाबराव मोटरसायकलची किल्ली घेऊन दारात उभे होते.

"मी जातो. तू फक्त कशी आनू ते सांग."

तिनं छोटी थंडपेटी दिली. बर्फाची पिशवी खाली, तिच्यावर कोरडं फडकं दोन घड्या, आणि मग कुपी. बर्फाला टेकू द्यायची नाही. तिनं रुचिकाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली, तिथल्या फार्मासिस्टशी फोनवर बोलली. पंजाबरावांनी हे सगळं तिच्यामागून शाळकरी पोरासारखं मोठ्यानं म्हणून दाखवलं. फडकं, दोन घड्या, टेकू द्यायचं नाही. चाळीस वर्षं गार करण्यात मुरलेला माणूस, पण लाजला नाही.

ते गेले आणि दुकान सुनं झालं. चंपत उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहत होता. माझं पोट रिकामं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी उगाच गार होत होतो.

दिवेलागणीला मोटरसायकलचा आवाज आला. पंजाबराव पेटी पोटाशी धरून आत आले. चंपतनं हात पसरले, पण त्यांनी पेटी त्याच्या हातात दिली नाही. आधी वैजयंतीपुढे ठेवली. तिनं कुपी काढली, तारीख पाहिली, बॅच नंबर पाहिला, बिल पाहिलं, कुपी उजेडात धरली आणि मग चंपतला दिली. तो पळतच गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. सुई दिली, पोरगी जेवली.

फोन ठेवल्यावर पंजाबराव माझ्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसले.

"वैजयंती, आज माह्या हातून पोरगी गेली असती वं."

"नाई गेली न मामाजी. थांबले तुमी."

"मी काय समजून थांबलो का? मले वाटे, बाटली चांगली हाये. मी त नुसता त्या पाटीच्या भेवानं थांबलो." त्यांनी पुन्हा पाटीकडे पाहिलं. "मले ठाऊक नोतं. कायद्याले ठाऊक होतं."

वैजयंती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि मी हळूच, अगदी हळूच घुरघुरत होतो.

त्यानंतर दुकानात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आला. पुढच्या तपासणीला निरीक्षक आले तेव्हा वैजयंतीनं काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी मला वाकून पाहिलं आणि म्हणाले, आता याचं वय झालं, औषधांसाठी बनवलेला नवा फ्रीज घ्या. मला वाईट वाटलं. कुणाला वाटणार नाही? पण खरं तेच होतं. माझ्या पोटातला हिवाळा आता मधूनच पातळ होतो, आणि जिथे पोरीचा जीव ठेवायचा तिथे अभिमान चालत नाही. नवा येईपर्यंत मी माझं काम करतो. तो आला की मी कुणाच्या घरी जाईन. तिथे खुशाल कोथिंबीर ठेवा, ताकाची लोटी ठेवा.

मित्रांनो, जायच्या आधी तुमच्याजवळ एक मागणं आहे. माझ्यासारख्याचं दार उगाच उघडं ठेवू नका, औषध उन्हात टाकू नका, बर्फात पुरू नका. आणि दुकानात कुणी "थांबा, फार्मासिस्ट येऊ द्या" म्हणालं तर त्याच्यावर रागावू नका. चांगल्या मनाच्या माणसाकडूनही चूक होते, आणि औषधाची चूक डोळ्यांना दिसत नाही.

परवा वैजयंती बँकेत गेली होती. पाटी दारात होती. रुचिका आता पाचवीत आहे, दोन वेण्या घालते. ती एकटीच आली आणि काचेला नाक लावून माझ्या आत बघू लागली. मला वाटलं, माझं स्वप्नच चाललं आहे.

"आजोबा, माही बाटली द्या न. घरी हाये थोडी, पन संपत आली. ते पाहा, तिथंच त हाये."

"वैजयंती येऊ दे बेटा. बस इथं."

"काहून? मी त तुमच्या ओळखीची हावो!"

पंजाबरावांनी फडक्यानं स्टूल पुसलं आणि तिला जवळ बसवलं.

"ओळखीची हायेस न," ते म्हणाले, "म्हनूनच."